घरची गोधडी व तिचे गणित



शास्त्र, इतिहास, प्रवास अशा विषयांवरील लेख आपल्या वार्षिकात नेहमी येतात. आज मी आपणांपुढे जो विषय ठेवीत आहे, तो आपणांपैकी पुष्कळांच्या अंथरुणातच पडलेला आहे. तो म्हणजे गोधडी. गणित शिकविणाऱ्या बाईंना गोधडीचे काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर असे की, गोधडीने मला एकदा एक उदाहरण घातले, व ते सोडविताना माझी स्वतःचीच चूक माझ्या पदरी आली. ती हकीकत आधी सांगते. मग मोठ्या पलंगाची गोधडी घरी कशी करावी तो पाठ क्रमाने देते.

माझी आई वारली तेव्हा तिच्या पेटीत नऊवारी लुगडी निघाली. ती नेसणारे घरात कोणी राहिले नव्हते, आणि ती कोणास देऊन टाकण्यास मन होत नव्हते. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत "गोधड्या शिवायच्या का, गोधड्या?" अशी हाक ऐकू आली. डोक्यावर गाठोडे घेतलेली, पन्नाशी उलटलेली एक बाई दारी आली. मी तीन लुगडी तिच्यापुढे ठेविली. तिने कापड बोटांत धरून पाहिले व विचारले, "बाई, आईचं हाय जणू?" मी होय म्हटले. ती म्हणाली, "मग फाडायच्या आधी एकदा हात फिरवून घ्या."

मी हात फिरविला. आणि लगेच मजुरीची घासाघीस केली! तिने ८०० रुपये सांगितले, मी ६०० वर आणिले. दोन दिवस आमच्या ओसरीवर बसून तिने गोधडी पुरी केली, पैसे मोजून घेतले व ती गेली. सौदा चांगला झाला असे मला वाटले.

पुढे दहावीच्या वर्गात अंकगणिती श्रेढी शिकविताना उदाहरणादाखल ती गोधडी मी वर्गात नेली. तिच्यावरील टाके आम्ही सर्वांनी मिळून मोजले. ते कसे मोजले व किती भरले, ते पुढे येईलच. उत्तर फळ्यावर लिहून मी खडू ठेविला, तोच मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "बाई, मग त्यांना पैसे किती दिले?" त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही.

गोधडी म्हणजे काय

जुन्या सुती कापडाचे काही थर एकावर एक पसरून, ते सर्व एकाच धावदोऱ्याने आरपार शिवून जे पांघरूण तयार होते, ती गोधडी. दुलई किंवा रजई यांत पिंजलेला कापूस भरलेला असतो. गोधडीत तो नसतो. तिचे पोट कापडाचेच. तान्ह्या मुलासाठी केलेले लहान, मऊ ते दुपटे; कोठे गोधडीसच वाकळ म्हणतात.

ही वस्तू केवळ आपल्या देशावरचीच आहे असे मात्र नव्हे. जुन्या चिंध्यांच्या वस्त्रास संस्कृतात कंथा म्हणतात. बंगालमधील कांथा तिचीच बहीण. बिहारात सुजनी, कर्नाटकात कौदी, सिंधमध्ये रल्ली. कारवारच्या वरच्या बाजूस, हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या तालुक्यांत, आफ्रिकेतून पूर्वी आणिलेल्या लोकांचे वंशज सिद्दी राहतात. त्यांच्या स्त्रिया कवंदी नावाची ठिगळांची गोधडी शिवितात व तिच्या चारी कोपऱ्यांस रंगीत कापडाची तिकोनी फुले लावितात. आपल्या महाराष्ट्रात तर ठिगळांचे वस्त्र पांघरणारे संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांस लोक गोधडे महाराज असेही म्हणत. अंगावरच्या चिंध्यांवरून पडलेले नाव आदराचे झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आमचा हा पिंपरी-चिंचवड व चाकणचा भाग तर गोधड्यांचे संमेलनच होय. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित झालेली कुटुंबे पिंपरीस वसली. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले व कारखान्यांची रांग लागली. १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे चाकणच्या माळावरही मोटारींचे कारखाने उभे राहिले. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, सोलापूर, तसेच बिहार व उत्तर प्रदेश येथून माणसे कामास आली. येताना त्यांनी एक ट्रंक, काही भांडी व एक वळकटी आणिली. त्या वळकटीत आईच्या किंवा आजीच्या हातची गोधडी होती. आज त्याच घरांत दुकानची पांघरुणे आली आहेत, आणि ती गोधडी माळ्यावर गेली आहे. पाहुणे आले म्हणजे ती लपविणारी मुले मी पाहिली आहेत. त्या मुलांनी हा लेख अवश्य वाचावा.

साहित्य व कापडाचा हिशेब

आपण ६ फूट रुंद व ७ फूट ४ इंच लांब, म्हणजे ७२ × ८८ इंचांची गोधडी करू. ती मोठ्या पलंगावर दोघांस पुरते व पायांकडे खोचताही येते. थंडीसाठी पाच थर घ्यावेत. पावसाळ्यापुरती हवी असल्यास तीन पुरे.

लुगड्याचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. असे दोन पन्हे शेजारी ठेवून, दोन इंच एकमेकांवर चढविले, म्हणजे ८८ इंच लांबी मिळते. म्हणून प्रत्येक थरास ६ फूट लांबीचे दोन तुकडे लागतात. पाच थरांस दहा. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट; त्यातून चार तुकडे निघून तीन फूट उरते. तेव्हा तीन लुगड्यांत बारा तुकडे होतात, व दोन तुकडे ठिगळांसाठी हाती राहतात. साडेपाच मीटरचे, म्हणजे सुमारे १८ फुटांचे पातळ असेल, तर त्यातून तीन तुकडे. अशी चार पातळे लागतील.

सर्वांत विरलेल्या चौथ्या एखाद्या लुगड्याचे काठ उसवून निराळे ठेवावेत. गोधडीचा परीघ २६ फूट ८ इंच भरतो, आणि नऊवारीचा काठ २७ फूट. म्हणजे एका लुगड्याचा एक काठ सबंध गोधडीस गोट म्हणून पुरून केवळ चार इंच उरतो. हा मेळ मला प्रथम ध्यानी आला तेव्हा फार मौज वाटली.

याशिवाय लागते ते असे: जाड सुती दोरा, लांब व मोठ्या नेढ्याची सुई, अंगुस्तान, कात्री, दोरा ओढून घेण्यास मेणाचा तुकडा, आणि जमिनीवर पसरण्यास एक स्वच्छ सतरंजी.

आता एक सावधगिरीची गोष्ट. आजकालची पुष्कळशी पातळे सुती नसून कृत्रिम धाग्याची असतात. ती निसरडी असल्याने थर सरकतात, घाम टिपत नाहीत, आणि विस्तवाशी संबंध आल्यास वितळून अंगास चिकटतात. अशी कापडे घ्यायचीच असतील तर मधल्या थरांत घ्यावीत. अंगास लागणारे वरचे व खालचे थर सुतीच असावेत. तसली गोधडी चुलीपासून व विजेच्या शेगडीपासून दूर ठेवावी.

कृती

पहिली पायरी, धुणे. सर्व कापड गरम पाण्यात धुऊन, खळ काढून, उन्हात वाळवावे. नवे कापड मिसळायचे असल्यास ते दोनदा धुवावे. कारण नवे कापड नंतर आटते व जुन्या कापडास ओढून सुरकुत्या पाडते.

दुसरी, निवड. कापड उजेडापुढे धरून पाहावे. जेथे ते विरून जाळीदार झाले असेल, तो भाग आतल्या थरांत जावा. घट्ट भाग बाहेर यावा. भोक असल्यास आधीच ठिगळ लावावे. ठिगळ झाकू नये. रंगीत लावून चौकोन किंवा तिकोन असा आकार द्यावा. आपल्या बायकांनी गरजेतून नक्षी केली ती अशीच.

तिसरी, थर पसरणे. सतरंजीवर खालचा थर सुलट बाजू जमिनीकडे करून पसरावा. चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा किंवा जाड पुस्तके ठेवावीत. त्यावर आतले थर एकेक पसरावेत. आतल्या थरांत जोड शिवण्याची गरज नाही, कापड कापडावर चढवावे एवढेच. मात्र सर्व थरांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नयेत. येतील तर मध्ये वळकटीसारखा उंचवटा होतो. म्हणून एका थरात जोड मधोमध घ्यावा. दुसऱ्या थरात एक पन्हा उभा कापून त्याचे दोन भाग करावेत, ते अखंड पन्ह्याच्या दोन्ही बाजूंस ठेवावेत, व प्रत्येक जोड एक इंच चढवावा. लांबी तीच ८८ इंच येते. वरचा थर शेवटी, सुलट बाजू वर करून पसरावा. वरच्या व खालच्या थरांचे जोड मात्र आधी शिवून घ्यावेत. प्रत्येक थर पसरताच तळहाताने मधून कडांकडे सुरकुत्या लोटाव्यात.

चौथी, कच्चा दोरा. वीतवीतभर अंतरावर, चार-चार बोटे लांब टाक्यांनी, आधी मध्यापासून कडांपर्यंत व मग आडवे-उभे असे सर्व थर टाचून घ्यावेत. ही पायरी कंटाळवाणी वाटते. म्हणून नवशिके ती टाळतात व मग गोधडीच्या पोटात फुगा धरतो. तो फुगा पुढे कशानेही जात नाही. मी पहिल्या खेपेस हीच चूक केली, व तीन संध्याकाळचे काम उसवावे लागले.

पाचवी, गोट. काठाची पट्टी कडेवरून दुमडून, दोन्ही बाजूंस सारखी येईल अशी, बारीक टाक्यांनी शिवावी. कोपऱ्यात पट्टी घडी घालून वळवावी, कापू नये.

सहावी, खरे शिवण. आपल्याकडील पुष्कळ गोधड्यांवर टाक्यांच्या ओळी कडेशी समांतर, चौकोनात चौकोन अशा फिरत मध्याकडे जातात. कडेपासून पाव इंचावर पहिला फेरा धरावा. त्याच्या आत अर्ध्या अर्ध्या इंचावर पुढचे फेरे. सुई उभी खाली घालून सर्व थरांतून आरपार निघाली पाहिजे; खालचा थर सुटला तर तो टाका नव्हे. पाव इंच टाका, पाव इंच मोकळे, असा धावदोरा असावा. दोरा दोन हातांहून लांब घेऊ नये, नाही तर तो पिळतो व त्याचा तंतू सुटतो. गाठ थरांच्या आत लपवावी. दोरा ताणू नये. ताणला तर कापड आखडते, सैल सोडला तर बोटे अडकतात. हे मध्यम प्रमाण हातालाच कळते, आणि ते पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर कळते. शिवणारी बाई गोधडीवरच बसून शिविते. तिच्या वजनाने थर जागचे हलत नाहीत.

शेवटी कच्चा दोरा काढून टाकावा, गोधडी एकदा साध्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवावी. वाळताना ती किंचित आकसते व टाक्यांच्या मधली जागा फुगून वर येते. गोधडीचे ते ओळखीचे रूप तेव्हाच प्रकट होते.

उष्णतेचे शास्त्र

गोधडी ऊब देत नाही. आपल्याच अंगची ऊब ती राखून ठेविते. थरांच्या मध्ये व टाक्यांच्या मध्ये जी हवा कोंडली जाते, ती उष्णतेची मंद वाहक होय. ती हवा स्थिर राहिली तरच काम करते. म्हणून एक जाड कापड आणि तेवढ्याच वजनाचे पाच पातळ थर यांत थरांची गोधडी अधिक उबदार ठरते. टाके हे थर जागी धरितात व हवेचे लहान लहान कप्पे करितात. ते फार विरळ असतील तर थर सरकतात. फार दाट असतील तर हवा दाबून निघून जाते व गोधडी फळीसारखी ताठ होते. अर्ध्या इंचाचे अंतर हा या दोहोंमधला मार्ग होय.

ओली गोधडी मात्र निरुपयोगी. पाणी हे स्थिर हवेच्या वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून दमट दिवसांत ऊन पडताच गोधडी दोरीवर टाकण्याची आपल्या आयांची जी धडपड असते, तिच्यामागे चांगले पदार्थविज्ञान आहे.

टाक्यांचे गणित

आता वर्गात आम्ही जे केले ते पाहा. पहिला फेरा कडेपासून पाव इंच आत, म्हणून त्याच्या बाजू ७१½ व ८७½ इंच. परीघ ३१८ इंच. पुढचा फेरा प्रत्येक बाजूने अर्धा इंच आत, म्हणून प्रत्येक बाजू एक इंचाने कमी, परीघ ३१४. मग ३१०, ३०६, याप्रमाणे दर फेऱ्यास चार इंच कमी. रुंदी ७२ इंच असल्याने फेरे ७२ होतात. शेवटचा फेरा गोधडीच्या मध्यभागी १६½ इंच लांब व अर्धा इंच रुंद. त्याचा परीघ ३४.

ही अंकगणिती श्रेढी झाली. पहिले व शेवटचे पद यांची बेरीज ३५२. तिला ७२ ने गुणून २ ने भागिले, की १२,६७२ इंच. म्हणजे १,०५६ फूट, अथवा बरोबर ३५२ वार. मीटरमध्ये सुमारे ३२२.

एका मुलीने हेच उत्तर सूत्रावाचून काढिले. ती म्हणाली, "प्रत्येक ओळ अर्धा इंच रुंदीची पट्टी व्यापते. गोधडीचे क्षेत्रफळ ७२ गुणिले ८८ म्हणजे ६,३३६ चौरस इंच. त्याची अर्धा इंच रुंदीची एकच लांब पट्टी केली, तर ती १२,६७२ इंच भरेल." दोन वाटांनी निघालेली माणसे एकाच झाडाखाली भेटावीत तसा आनंद त्या वेळी वर्गास झाला.

थरांच्या जाडीतून जाण्यास व गाठींस दहावा भाग अधिक धरिला, तर सुमारे ३९० वार दोरा लागतो. दुहेरी शिवल्यास ७८०. आणि एका इंचात दोन टाके, म्हणून एकूण टाके २५,३४४. नवशिक्याने मिनिटास २० टाके घातले तर २१ तास ७ मिनिटे लागतात. रोज एक तास बसल्यास बावीस दिवस. म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीत एक गोधडी सहज पुरी होते, व सुटीही उरते.

याच ठिकाणी त्या मुलाचा प्रश्न आला. मी मजुरीचा चौथा हिस्सा कापला होता. २५,३४४ चा चौथा हिस्सा ६,३३६. तितके टाके मी त्या बाईकडून फुकट घालून घेतले. तिला काम पुरे करण्यास दोन दिवस लागले. त्यांतला अर्धा दिवस ती माझ्या ओसरीवर विनावेतन राबली. आणि ते लुगडे माझ्या आईचे होते, जिने उभ्या आयुष्यात कोणाचा पैसा ठेवून घेतला नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती बाई पुन्हा आली. मी २०० रुपये तिच्यापुढे धरिले व कारण सांगितले. ती हसली. "बाई, तवाच मिटलं हुतं की," म्हणाली, व हात मागे घेतला. भीक म्हणून ती घेणार नाही हे उघड होते. तेव्हा मी म्हटले, "मावशी, मला शिवायला शिकवा, ही त्याची फी." मग तिने ते घेतले, आणि तीन दुपारी मला शेजारी बसवून शिकविले. वर दिलेला पाठ माझा नव्हे, तिचा आहे. मी केवळ त्यास आकडे जोडिले. मी टाका तिरपा घातला की ती काही न बोलता सुईच्या टोकाने तो उसवी. असा शिक्षक मला प्रशिक्षण महाविद्यालयातही मिळाला नव्हता.

शिवण्यास देताना

सर्वांस घरी वेळ मिळेल असे नाही. बाहेर शिवण्यास देणाऱ्या पालकांनी पुढील गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात: लांबी-रुंदी, थर किती, ओळींमधील अंतर, दोरा व गोटाचे कापड कोणी द्यावयाचे, उरलेले तुकडे परत मिळणार की नाही, आणि काम केव्हा मिळेल. मजुरी ठरविताना एकच प्रश्न विचारावा: याला किती दिवस लागतील, आणि मी स्वतः तितके दिवस कितीला काम करीन?

यंत्रावर शिवलेली गोधडी लवकर होते व नव्या कापडास ती चालते. परंतु विरलेल्या जुन्या कापडास यंत्राचे दाट टाके कापू शकतात, व शिवण ताठ येते. आठवणीचे कापड असेल तर हातशिवणच बरी. कोणतेही कापड फाडण्यापूर्वी घरातील सर्वांस दाखवावे; एकदा फाडलेले लुगडे पुन्हा लुगडे होत नाही.

दूरची एक गोष्ट

अमेरिकेत अलाबामा संस्थानात गीज बेंड नावाचे, नदीच्या वळणातील एक गाव आहे. तेथे गुलाम म्हणून आणिलेल्या कृष्णवर्णीय लोकांचे वंशज शेती करून राहत. थंडीसाठी त्यांच्या स्त्रिया जीर्ण झालेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. मिझूरी पेटवे नावाच्या स्त्रीने १९४२ साली आपल्या मृत पतीच्या शेतातल्या कपड्यांची एक गोधडी केली. त्याच्या विजारींच्या गुडघ्यांवर पडलेले फिके डाग तिच्यात तसेच दिसतात. २००२ साली या गावच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि २००६ साली त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. ज्या वस्तू गादीखाली घातल्या जात, त्या पाहण्यास लोक रांगेत उभे राहिले.

ही गोष्ट ऐकून आमच्या वर्गातील एका मुलीने आईच्या पातळांबरोबर वडिलांचा कारखान्यातला जुना निळा गणवेश फाडून गोधडीच्या चारी कोपऱ्यांस लाविला. खिशावरील शिवण तिने उसवली नाही. रात्रपाळीहून सकाळी आलेले वडील तीच गोधडी घेऊन निजतात, असे तिने निबंधात लिहिले होते. त्या निबंधास मी पैकीच्या पैकी गुण दिले. गणिताची शिक्षिका असल्याने तो अधिकार माझा नव्हता, तरी दिले.

तात्पर्य, विद्यार्थ्यांनो, एक गोधडी स्वतः शिवा. मुलगे असाल तरी शिवा. सुई हातात धरणारा मुलगा किंवा मुलगी असा भेद टाका करीत नाही. तुमची पहिली गोधडी वाकडी होईल, ओळी चुकतील, बोटास सुई टोचेल. परंतु त्यानंतर दारी आलेल्या बाईशी बोलताना तुमचा स्वर बदललेला असेल. दुसऱ्याच्या श्रमाची किंमत ऐकून कळत नाही. आपल्या बोटांनी मोजली म्हणजे कळते. ती मला चाळिशीत कळली. तुम्हांस शाळेतच कळावी, एवढ्यासाठी हा लेख.

अभ्यासासाठी

१. ६० × ८० इंचांच्या गोधडीवर अर्ध्या इंचावर फेरे घातल्यास ओळींची एकूण लांबी किती फूट होईल? दोन्ही रीतींनी काढा.

२. त्याच गोधडीवर फेरे एक इंचावर घेतल्यास दोरा किती वाचेल? ऊब व टिकाऊपणा यांवर काय परिणाम होईल?

३. आपल्या घरातील एखाद्या गोधडीचे थर, ओळींमधील अंतर व एका इंचातील टाके मोजा, आणि एकूण टाके काढा.

४. ती गोधडी कोणी शिवली, तिच्यात कोणाकोणाची वस्त्रे आहेत, व शिवणारीस त्याबद्दल काय मिळाले, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहा.